मदत हवी आहे: क्यूआर कोडवर येणाऱ्या देणग्यांचा हिशेब कसा ठेवता?

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची परवानगी) नाही.

गणपतीत क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि लोकांनी भरभरून दिलं. पण बँकेच्या उताऱ्यात फक्त नाव आणि यूपीआय आयडी दिसतो. पावती करायला पत्ता आणि पॅन लागतो. ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र) भरला नाही तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, आणि तो भरल्याशिवाय देणगीदाराला करसवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्रही मिळत नाही. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांची करसवलत आमच्यामुळे बुडू नये, हीच काळजी आहे. रोख घ्यावी तर २००० रुपयांच्या वर सवलतच नाही.

पैसे भरण्याआधीच पॅन आणि पत्ता विचारणारं, मराठीत चालणारं देणगी-पान कोणी वापरतं का? पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचं) कमिशन पावतीत कसं दाखवता? पूर्ण रक्कम लिहून कमिशन खर्चात टाकावं, असं मला वाटतं. दरमहा शंभर-दोनशे रुपये देणाऱ्यांसाठी यूपीआय ऑटोपे (खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप जाण्याची सोय) कितपत टिकतं?

अजून एक. गावातले काही जण अमेरिकेत आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांचे पैसे चालतात, ओसीआय कार्डवाल्यांचे (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) एफसीआरएशिवाय नाहीत. हे ऑनलाइन फॉर्ममध्येच कसं गाळता?

संस्थेचं काम प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.