ऑस्टिन-हीली १००: ‘ल माँ’ किट मुळातले की मागाहून बसवलेले?

तीनगिअर (धागाकर्ता)

नमस्कार. अलीकडेच माझ्याकडे आलेल्या एका ऑस्टिन-हीली १०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा पूर्वेतिहास शोधायचा आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. विकणाऱ्याने ही गाडी ‘१००एम’, म्हणजे जास्त ताकदीची खास आवृत्ती, असल्याचे तोंडी सांगितले, पण त्याला आधार देणारा एकही कागद सोबत आलेला नाही. बॉनेटवर लूव्हर (हवेसाठीच्या फटी) कापलेले आहेत, त्यावरून चामडी पट्टा जातो, कार्ब्युरेटर एसयू कंपनीचे मोठे, पावणेदोन इंची आहेत आणि पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) नेहमीपेक्षा जाड दिसतो. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावरील प्लेटवर मात्र ‘बीएन१’ असे आहे; पुढे डाव्या स्टिअरिंगचा ‘एल’ नाही, आणि गाडी उजव्या स्टिअरिंगचीच आहे. गिअर तीन, सोबत ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोड). डॅशबोर्डवर काही भोके बुजवल्याच्या खुणा आहेत. गाडीबरोबर एक जुना कृष्णधवल फोटो मिळाला असून त्यात ब्रिटिश नंबर प्लेट स्वच्छ वाचता येते.

ही खरोखर १००एम आहे का, आणि नसेल तर हे बदल कोणी व केव्हा केले हे कसे शोधावे? रंगकाम लवकरच सुरू करण्याचा विचार आहे, तेव्हा त्याआधी काही पाहून ठेवायला हवे असल्यास तेही कृपया सांगावे.

खातेवही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे. हीली कंपनीने इंग्लंडमधील वॉरिक येथे तयार केलेल्या १००एम गाड्यांची संख्या ६४० मानली जाते आणि त्या सगळ्या ‘बीएन२’ होत्या, म्हणजे १९५५ च्या उत्तरार्धापासून १९५६ पर्यंतच्या, चार गिअरच्या. आपली प्लेट आणि आपला गिअरबॉक्स दोन्ही बीएन१ असल्याचे सांगतात, त्यामुळे ही गाडी मूळची १००एम असू शकत नाही.

पण म्हणून विकणाऱ्याला लगेच खोटारडे ठरवू नये. फ्रान्समधील ल माँ येथील १९५३ च्या शर्यतीत हीली १०० गाड्या बाराव्या आणि चौदाव्या आल्यानंतर त्याच धर्तीचे सुधारणा-किट विक्रीला आले, आणि ते विक्रेत्याकडून किंवा स्वतःच्या गॅरेजात बीएन१ वरही बसवता येत असे. त्यात मोठे कार्ब्युरेटर, थंड हवेची पेटी, जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) कॅमशाफ्ट, व्हॉल्व्हच्या वेगळ्या स्प्रिंग आणि डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्समधला (ठिणगी किती आधी पडते त्यातला) बदल असा संच होता. मूळच्या ९० अश्वशक्तीच्या जागी त्यामुळे सुमारे १०० मिळत. १००एममध्ये याच्या जोडीला जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन आले आणि आकडा ११० वर गेला. तेव्हा आपली गाडी १९५४-५५ मध्येच किट बसवलेली बीएन१ असू शकते, किंवा पन्नास वर्षांनी सुटे भाग मागवून सजवलेलीही असू शकते. खरा शोध या दोहोंमधला आहे.

सुरुवात गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज प्रमाणपत्रापासून करावी. ते कारखान्याच्या उत्पादन-नोंदींवरून देतात. त्यात बांधणीची तारीख, इंजिन व बॉडी नंबर, मूळ रंग, कारखान्यात बसवलेली जादा उपकरणे आणि गाडी पहिल्यांदा कोठे पाठवली गेली हे असते. गाडी कारखान्याबाहेर पडल्यावर काय झाले, याबद्दल मात्र ते काहीच सांगत नाही. किटचा उल्लेख त्यात नसेल, तर त्यावरून किट नंतरच्या काळातले ठरत नाही.

डायलगेज

रंगकाम थांबवा, ही माझी पहिली विनंती. बदललेल्या गाडीचे कारखान्यापर्यंतचे आयुष्य कागदावर सापडते, त्यापुढचे बहुतेक सगळे पत्र्यात आणि धातूत असते. आणि सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग काढणे) एकदा झाले की ते परत मिळत नाही.

या गाड्यांच्या बॉडी वेस्ट ब्रॉमिच येथे जेन्सन कंपनीकडे तयार होऊन अंतिम जुळणीसाठी ऑस्टिनच्या लाँगब्रिज कारखान्यात जात. प्रत्येक बॉडीचे पत्रे तिच्यापुरते हाताने जुळवलेले असल्यामुळे बॉनेट, बूटचे झाकण आणि कॉकपिटच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्ट्या यांच्या आतल्या बाजूला बॉडी नंबराचे आकडे पुष्कळदा ठोकलेले किंवा लिहिलेले सापडतात. आपल्या लूव्हरच्या बॉनेटवर गाडीचाच नंबर निघाला, तर लूव्हर मूळ बॉनेटवर नंतर कापले गेले. दुसरा नंबर निघाला, तर बॉनेट दुसऱ्या गाडीचे आहे. आणि काहीच निघाले नाही, तर ते नव्याने घडवलेले असण्याची शक्यता बरीच आहे. लूव्हरच्या खालच्या कडाही टॉर्च लावून पाहाव्यात. मूळ रंगाचा थर लूव्हरच्या घडीत शिरलेला आहे की कडेवर कापला गेलेला आहे, यावरून आधी रंग की आधी लूव्हर हे ठरते.

बुजवलेली भोके पुढून पाहून उपयोग नाही. मागून फोटो काढावेत, व्यास मोजावेत आणि त्यांचे एकमेकांपासूनचे अंतर लिहून ठेवावे, कारण जादा मीटर, नकाशा वाचायचा दिवा, रॅलीचे घड्याळ यांची मांडणी अंतरांवरून ओळखू येते. लांबी (पुटी) भरलेली जागा शोधायला लोहचुंबक फिरवणार असाल, तर एवढे लक्षात ठेवा की मडगार्डांच्या मधला पुढचा आणि मागचा भाग मूळचाच ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून घाबरू नये.

इंजिन न उघडताही कॅमशाफ्ट तपासता येतो. रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावावा, इंजिन हाताने सावकाश फिरवावे आणि मिळालेली लिफ्ट जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावी. कार्ब्युरेटर आणि एअर बॉक्स कोणीही अर्ध्या दिवसात बदलू शकतो, तेवढ्यासाठी कॅमशाफ्ट कोणी सहसा बदलत नाही. म्हणून तो माझ्या दृष्टीने बॉनेटपेक्षा मोठा साक्षीदार आहे. पिस्टन साडेसात-एक कॉम्प्रेशनचे (साधे) आहेत की ८.१-एकचे (१००एमचे), हे पुढे कधी ओव्हरहॉल निघाला तर पाहावे. केवळ त्यासाठी हेड उतरवू नये.

त्याचप्रमाणे लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि स्टार्टर यांच्या बाहेरच्या भागावर मॉडेलच्या क्रमांकासोबत तारखेचा शिक्का असतो. वायरब्रश न लावता रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचावा.

जुनासंशयी

प्लेटवर फार विसंबू नये, एवढेच जोडतो. कोऱ्या प्लेट तयार मिळतात आणि हवे ते आकडे ठोकता येतात. रिव्हेट, आकड्यांचा ठसा आणि आजूबाजूचा रंग एकाच वयाचे वाटतात का ते पाहा. इंजिन नंबरचीही प्लेटच असते, त्यामुळे तीही त्याच नजरेने पाहावी. १००एमला किंमत आली तसे साध्या गाड्यांचे ‘एम’ बरेच झाले. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे फिव्हाचा, मूळ काळातल्या बदलांत आणि नंतरच्या बदलांत भेद करण्याचा आग्रह असतो तो त्यामुळेच, आणि मला तो रास्त वाटतो.

खातेवही

फोटोतील नंबर प्लेटविषयी राहिले होते. ब्रिटनमध्ये १९७४ पर्यंत वाहननोंदणी काउंटी आणि शहरांच्या कौन्सिलांकडे होती, आणि नंबरातील अक्षरांवरून कौन्सिल कोणते हे कळते. त्या जुन्या नोंदवह्यांपैकी काही नष्ट झाल्या, काही स्थानिक अभिलेखागारांत गेल्या आणि बऱ्याच ड्रॉइटविच येथील किटहेड ट्रस्टकडे आहेत. नोंद सापडली, तर पहिल्या मालकाचे नाव मिळण्याची आशा आहे. त्या काळचे बफ (फिकट पिवळट) रंगाचे लॉगबुक, म्हणजे नोंदणीपुस्तिका, कोठे मिळाले, तर सोन्याहून पिवळे. त्यात प्रत्येक नव्या धारकाची नोंद कौन्सिलच्या शिक्क्यासह असे, रंग किंवा इंजिन बदलल्याचेही लिहिले जाई. पहिल्या धारकाच्या जागी एखाद्या विक्रेत्याचे नाव निघाले, तर किटच्या दृष्टीने तो धागा जास्त मोलाचा.

तीनगिअर

सर्वांचे मनापासून आभार. रंगकाम पुढे ढकलले असून प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. बॉनेटच्या आत, बिजागरीजवळ, गाडीच्याच बॉडी नंबराचे आकडे सापडले. डायनॅमो आणि स्टार्टर यांवर १९५४ चे शिक्के आहेत, डिस्ट्रिब्युटरवर मात्र १९५५ चा. म्हणजे किट १९५५ मध्ये बसले, असे धरता येईल का?

डायलगेज

बॉनेटची बातमी फार चांगली आहे. डिस्ट्रिब्युटरबद्दल मात्र घाई नको. शिक्का तो भाग कधी बनला ते सांगतो. तो या इंजिनावर कधी चढला ते सांगत नाही, आणि साधा डिस्ट्रिब्युटर बिघडला म्हणूनही दुसरा बसवलेला असू शकतो. टोपी आणि रोटर काढून पॉइंटची बैठक उचला. तिच्याखाली वजने आणि दोन बारीक स्प्रिंग दिसतील. कॅमच्या पायावर कमाल ॲडव्हान्सचा अंशातला आकडा कोरलेला असतो. तो आकडा आणि शिक्क्याशेजारचा सर्व्हिस क्रमांक इथे लिहा, म्हणजे लुकासच्या जुन्या पार्ट लिस्टशी ताडून पाहता येईल. कॅमशाफ्टची लिफ्टही मोजलीत, तर दोन्ही एकत्रच पाहू.