मदत हवी आहे : मुलगा एकटा खेळतानाही ‘प्रेक्षकांशी’ बोलतो

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा तो एकटाच ठोकळ्यांचा पूल रचत बसला होता. मी दाराशी उभी होते. प्रत्येक ठोकळा लावताना तो हळू आवाजात सांगत होता, “तर मित्रांनो, आता हा निळा तुकडा आपण इथे बसवूया.” पूल कोसळला तेव्हा त्याने आधी मान वर करून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे कॅमेरा आहे. माझ्या काळजात चर्र झालं.

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ आला २३ एप्रिल २००५ ला, जेमतेम १९ सेकंदांचा. तेव्हा मी कॉलेजात होते. त्यामुळे माझ्या मुलासारखं यूट्यूबचे व्हिडिओ बघत वाढणारं बालपण कसं असतं, याचा मला स्वतःचा अनुभवच नाही.

व्हिडिओंनी त्याला पुष्कळ दिलंय, हेही खरं. कागदाच्या घड्या, बुद्धिबळाचे डाव तो तिथेच शिकला. न समजलेली जागा तीन-तीनदा मागे नेऊन बघतो. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं मी बंद केलंय, त्याने थोडा फरक पडला.

जे लहानपणापासून व्हिडिओ बघत मोठे झाले आणि आता विशी-पंचविशीत आहेत, त्यांना कळकळीने विचारते : तुम्हीही असं बोलायचात का? ते आपसूक गेलं, की अजूनही कुणीतरी बघतंय असं वाटतं? आईवडिलांचं कोणतं वागणं उपयोगी पडलं, आणि कशामुळे तुम्ही लपूनछपून बघायला लागलात? मला त्याला रागवायचं नाहीये.