मदत हवी आहे: लेक पाण्यात खेळते, पण तोंड बुडवत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. मुलगी सहा वर्षांची आहे. तलावावर कमरेएवढ्या पाण्यात मजेत खेळते, पण तोंड पाण्यात घाल म्हटलं की माझ्या गळ्याला मिठी मारते, नखं रुतेपर्यंत. तिथले सर म्हणतात, एकदा ढकलून द्या, भीती मोडेल. मला हे अजिबात पटत नाही. आम्हालाही विहिरीत पाठीला डबा बांधूनच शिकवलं, पण काका आधीच पाण्यात उतरलेले असायचे.

घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायचा खेळ चालू केलाय. तिथं नाकातून हवा छान सोडते, तलावावर गेली की श्वास रोखून धरते. दंडातले फुगे मी काढून टाकले. त्यांनी अंग उभंच राहतं, आडवं तरंगायची सवय लागत नाही, आणि निसटले तर काय? आजी मात्र यावरून रोज रागावतात.

पोहणं यायलाच हवं, कारण मामाच्या शेतात शेततळं आहे. त्याचं प्लास्टिक इतकं निसरडं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण घालून घेतलंय, तरी जीव थाऱ्यावर नसतो.

आधी पाठीवर तरंगायला शिकवावं की काठ धरून पाय मारायला? आणि परभणी-नांदेडकडं लहान मुलांना दमानं शिकवणाऱ्या कुणी ताई आहेत का?