वल्हांडणात मत्साचं झटपट काय करता येईल? (घरात भात चालत नाही)

अश्दोदची_सून
नमस्कार मंडळी. वल्हांडण, म्हणजे आपला यहुद्यांचा बिनखमिराच्या भाकरीचा सण, तोंडावर आला आहे. सेदरची, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाची, चिंता नाही, तो सासूबाईंकडे असतो. प्रश्न मधल्या दिवसांचा आहे. शाळा बंद, मुलं घरी, आणि मला अर्धा दिवस कामावर जावं लागतं. माहेरी आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, त्यामुळे सणातही भात शिजायचा. एक कालवण केलं की जेवण झालं. सासर अश्केनाझी, म्हणजे मूळचे युरोपातले यहुदी. त्यांच्यात गहू-जवाचं खमीर तर नाहीच, पण तांदूळ, डाळी, मका, वाटाणे, राजमा हेही सणात वर्ज्य. ते मी मनापासून पाळते. उरतं काय, तर मत्सा (बिनखमिराची पातळ कडक भाकरी), बटाटे, अंडी, भाज्या आणि मटण-चिकन. मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, कोरडा मत्सा त्यांना लवकर नकोसा होतो. पाऊण तासात होईल, पोट भरेल आणि चव आपली असेल असं काही सुचवा. तिखट चालतं, ओव्हन आहे.

लोदची_मावशी
बाळा, आधी एक सांग. सासरी मत्सा भिजवलेला चालतो का? काही हसिदी (फार कडक पाळणाऱ्या पंथाच्या) घरांत मत्साला पाण्याचा थेंबही लागू देत नाहीत. पीठ कुठे कोरडं राहिलं असेल तर ते ओलं होऊन खमीर धरेल, ही त्यांची भीती. परदेशात ते निदान आठव्या दिवशी भिजवलेला खातात, आपल्याकडे इस्राएलमध्ये सण सातच दिवसांचा, म्हणजे तीही सोय नाही. तसं असेल तर मी सांगणार ते सगळं बाद.

अश्दोदची_सून
चालतो मावशी. सासूबाई स्वतः सूपमधले मत्साचे गोळे करतात.

लोदची_मावशी
मग खिम्याची मिना कर, म्हणजे मत्साच्या थरांत खिमा भरून भाजायचं. मूळची सेफार्दी (स्पेनकडून आलेल्या यहुद्यांच्या) घरांतली, पण आपल्या मसाल्यात फार छान लागते. अर्धा किलो खिमा घे. तेलात दोन कांदे चांगले लाल होईपर्यंत परत, त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, गरम मसाला आणि मग खिमा. पाणी पूर्ण आटव, हे महत्त्वाचं. शेवटी मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना आणि एक उकडलेला बटाटा कुस्करून घाल, म्हणजे कापताना खिमा सांडत नाही. सहा मत्सा एकेक करून पाण्यातून काढ आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. खिमा होईपर्यंत ते वाकण्याइतके मऊ होतात, पण तुटत नाहीत. पाण्यात बुडवून विसरलीस तर लगदा होईल. ट्रेला तेल लाव, मत्साचा थर, खिमा, पुन्हा मत्सा. वरून दोन अंडी फेटून ओत आणि ट्रे हलवून कडांपर्यंत जाऊ दे. १८० अंशांवर अर्धा तास. वरचा थर तांबूस झाला आणि कडा ट्रेपासून सुटल्या की काढ. मांसाचं जेवण आहे आणि आपल्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तेव्हा तूप, लोणी, चीज काही नाही, एवढं तुला सांगायला नको.

न्यूजर्सीकर
सकाळसाठी मत्सा ब्राय, म्हणजे अंड्यात परतलेला मत्सा. इथे अमेरिकेत अश्केनाझी घरांत साखर-दालचिनी घालून किंवा नुसतं मीठ-मिरपूड घालून करतात. आमच्या घरी त्याचं मसाला ऑम्लेटच होतं. चार मत्सांचे हातानेच तुकडे करायचे, चाळणीत घेऊन वरून गरम पाणी सोडायचं आणि लगेच निथळायचं. तुकडा बाहेरून मऊ पण दाताखाली लागेल असा राहिला पाहिजे. चार अंडी, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ. तुकडे अंड्यात घोळवून थोडे मुरू द्या, मग तेलावर मध्यम आचेवर. एकसंध उलटायचा हट्ट नको, मोडून परतलं की जास्त कडा खरपूस होतात आणि मुलं त्याच आधी उचलतात. दहा मिनिटांत ताटात.

जेवणात मांस नसेल त्या दुधाच्या दिवशी मत्सा पिझ्झा. यात मत्सा अजिबात भिजवायचा नाही. आधी चीज, त्यावर टोमॅटोचा घट्ट सॉस, वर पुन्हा थोडं चीज. खालचं चीज वितळून मत्साला सॉसपासून वाचवतं. २०० अंशांवर पाच-सात मिनिटं.

ठाणेकर_दादा
ताई, पदार्थ सगळे चांगले आहेत, पण फोडणीचं बघा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ते सरळ खमिरात येतं, म्हणजे फक्त सासरीच नाही, आपल्याकडेही सणात चालत नाही. मोहरी अश्केनाझी घरात वर्ज्य. तीळही, म्हणून तयार कांदा-लसूण मसाला नको. जिरं आणि धणे काही घरांत चालतात, काहींत नाही, सासूबाईंना विचारून घ्या. सोयाबीन आणि मक्याचं तेल बाजूला ठेवा. आलं, लसूण, ओली मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता यांवर उत्तम स्वयंपाक होतो. मसाला दळायचा असेल तर सणाआधी घरीच दळा, सणाच्या भांड्यात.

अश्दोदची_सून
हिंगाचं माझ्या लक्षातच आलं नसतं. दादा, खूप आभार. रस्सा खायची सवय असलेल्यांनी भाताऐवजी काय करावं? मला नारळाच्या रसातलं चिकन फार आठवतं.

लोदची_मावशी
अगं, तेच कर की! चिकन नेहमीसारखं हिरव्या वाटणात शिजव आणि शेवटी नारळाचं घट्ट दूध घाल. नारळ त्यांच्या वर्ज्य यादीत नाही. ताटात मत्साचे मोठे तुकडे ठेव आणि जेवायला बसल्यावर वरून गरम रस्सा ओत. आधी ओतून ठेवू नकोस. पहिल्या मिनिटाला निम्मा मऊ, निम्मा कुरकुरीत असतो तेव्हाच त्याची गोडी. इजिप्तच्या यहुदी घरांत सणाला असाच मत्सा रश्श्यात घालून खातात.

ठाणेकर_दादा
नारळ घरी वाटून दूध काढलेलं बरं. डब्यातल्या दुधात पुष्कळदा गवार गम असतो, आणि गवार शेंगवर्गीय, म्हणून अश्केनाझी घरात अडचण. डबा घेतलाच तर त्यावर "वल्हांडणासाठी कोशेर" (धर्मनियमाप्रमाणे चालणारं) आणि शेंगवर्गीय नसल्याचा शिक्का, दोन्ही बघा.

पुण्याची_रिबका
बटाट्याचे पॅटिस कुणी सांगितले नाहीत! उकडलेला बटाटा, आलं-मिरची, कोथिंबीर, बांधायला दोन चमचे मत्साचं पीठ, आणि बाहेरून रव्याऐवजी तेच जाडसर पीठ लावून शॅलो फ्राय. आत खिमा भरला तर जेवण, नाही भरला तर चार वाजताचा खाऊ. आणि सणाआधीच खजुराचा पाक करून बरणीत भरून ठेवा. खजूर भिजवून उकडायचा, फडक्यातून गाळायचा आणि मंद आचेवर मधाइतका दाट होईपर्यंत आटवायचा. सेदरच्या हारोसेतला (ताटातल्या गोड चटणीतला) उरलेला पाक आमच्याकडे कधीच वाया जात नाही, कारण मुलं मत्सावर तोच लावून खातात. बाजारच्या चॉकलेट स्प्रेडपेक्षा माझं मत याच्या बाजूने. सोबत काकडी, गाजर, संत्रं भरपूर द्या, नुसत्या मत्साने मुलांची पोटं धरतात.

न्यूजर्सीकर
+१. पॅटिस थापून रात्रीच फ्रीजमध्ये ठेवले तर तळताना फुटत नाहीत.

अश्दोदची_सून
किती छान सुचवलंत सगळ्यांनी. मिना आणि पॅटिस नक्की. मावशी, मिना आदल्या रात्री करून ठेवली तर चालेल का? दुपारी मुलांना नवरा वाढेल.

लोदची_मावशी
चालेल. भाजून पूर्ण गार होऊ दे, मग चौकोनी तुकडे कापून झाकून फ्रीजमध्ये ठेव, दोन दिवस छान राहते. नवऱ्याला सांग मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, मत्सा चिवट होतो. तव्यावर थोडं तेल, तुकडा ठेवून झाकण, मंद आच. खालून पुन्हा कुरकुरीत होते. वर लिंबू पिळायला सांग.