टू लाइव्ह क्रूचा अल्बम आणि आमच्या मिरवणुकीतला रॅप

कपिलेश्वरकर
बेळगावात आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या बैठकीत ठराव आलाय. यंदा विसर्जन मिरवणुकीत रॅप लावायचा नाही, आणि कुणी लावलाच तर सरळ पोलिसांत द्यायचं. गाणी इथल्याच पोरांची आहेत, मराठी, शिव्यांसकट. यातलं पहिलं मला पटतंय, दुसरं नाही.

का ते सांगतो. अमेरिकेतल्या मायामीच्या टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा 'अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी' हा अल्बम 1989 साली आला. बायकांबद्दल इतकं उघडंवाघडं की इथं एक ओळ लिहायची सोय नाही. शेजारच्या ब्रोवर्ड काउंटीच्या शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखानं, दुकानदारांना दम भरला, विकाल तर आत टाकीन. 6 जून 1990 ला फोर्ट लॉडरडेलच्या फेडरल न्यायाधीशानं अल्बम अश्लील ठरवला. दोन दिवसांत आत कोण गेलं? रेकॉर्ड विकणारा एक दुकानदार. त्यानंतर क्लबमध्ये गायले म्हणून गाणाऱ्यांनाही धरलं, पण ऑक्टोबरात ज्युरीनं त्यांना सोडलं. त्याच महिन्यात दुकानदार मात्र दोषी ठरला, दंड भरून बसला.

आपल्याकडं रॅपर कुठला सापडतोय? ट्रॉलीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, दिवसाच्या भाड्यावर आलेला पोरगा उचलतील.

शहापूरची वैनी
दुकानदाराची कणव आली तुम्हाला, बायकांची नाही आली होय?

त्या अमेरिकेतल्या बाईला कॅसेट नको असेल तर ती दुकानात जात नाही, संपलं. गणपत गल्लीत मिरवणूक अडकली की मी कान कुठं ठेवू? गेल्या वर्षी एका गाण्यात 'ती' ओळ आली की डीजे आवाज बंद करायचा, आणि पुढचे शब्द शंभरभर पोरं ओरडून पुरे करायची. तेही कठड्यावर उभ्या पोरींकडं बघून. मला ठराव दोन्ही अंगांनी मान्य आहे.

बीटवाला वडगाव
वैनी, ते वाईटच होतं, त्याला माझा पाठिंबा नाही. पण बैठकीत मी पण होतो. आम्ही म्हटलं, शिव्या काढून देतो. तर म्हणाले, एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापना दिन, आपण मराठी लोक काळा दिन पाळतो, त्यावरचं गाणं पण नको, उगाच लफडं. त्यात एक शिवी नाही हो! मग अश्लील म्हणून कशाला ओरडालेत? भ्यालोय म्हणा की.

आणि त्या गटानं शिव्या गाळलेला दुसरा अल्बम पण काढलेला. त्यातल्या एका विडंबनावर मूळ गाण्याच्या मालकांनी कॉपीराइटची केस घातली, ती पार सुप्रीम कोर्टात गेली. 1994 ला कोर्ट म्हणालं, धंद्यासाठी केलं म्हणून विडंबन आपोआप चोरी ठरत नाही. म्हणजे सोवळं नेसलं तरी कोर्ट सुटत नाही, हाहा.

तारीख पे तारीख
कपिलेश्वरकरांनी गोष्ट अर्ध्यात सोडली. मे 1992 मध्ये अपील कोर्टानं तो अश्लीलतेचा निकाल फिरवला, आणि कारण वाचण्यासारखं आहे. शेरीफनं पुरावा म्हणून दिली काय, तर फक्त टेप! समोरच्या बाजूनं जाणकारांच्या साक्षी काढल्या होत्या. नुसती टेप ऐकून यात कलामूल्य नाही असं न्यायाधीशानं आपल्या मनानं ठरवायचं नाही, असं अपील कोर्टाचं म्हणणं.

पण ते अमेरिकेचं. आपल्याकडं सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हणणं हा गुन्हाच आहे. जुन्या भादंविचं 294, आता न्याय संहितेचं 296. आणि विकणारा अडकतो, लिहिणारा सुटतो असंही काही नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2015 साली माफी मागणाऱ्या प्रकाशकाला सोडलं, कवीवरचा खटला चालू ठेवला. वैनींचा मुद्दा कायद्यात बसतो.

निपाणीचे मास्तर
स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. कारण हेच, अश्लील. नंतर अटी घालून उठवली. आज त्याच लावणीला आपण संस्कृती म्हणून पहिल्या रांगेत बसून टाळ्या देतो.

शहापूरची वैनी
मास्तर, लावणीला तिकीट काढून जातात. आणि लावणीत बाई स्वतः बोलते, तिच्यावर गर्दी ओरडत नाही.

टू लाइव्ह क्रूच्या त्या खटल्यावर किम्बर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी 1991 साली लिहिलं होतं. त्यांनी खटल्यालाही विरोध केला, कारण काळ्या पोरांनाच निवडून धरलं. पण विनोद आहे, आमची परंपरा आहे, म्हणून गाणी सोडून द्या म्हणणाऱ्यांनाही सुनावलं. ठरावातलं पोलिसांचं वाक्य काढायला मी तयार आहे. वडगावच्या पोरा, काळ्या दिनाचं तुझं गाणं लावायला पण हात वर करीन. पण ती ओळ वाजली तर जनरेटर बंद, हे लिहून पाहिजे.

कपिलेश्वरकर
जनरेटर कोण बंद करणार? पोरं पिऊन असतात वैनी.

शहापूरची वैनी
आम्ही करतो. आणि पुढची बैठक रात्री दहाला ठेवू नका, सातला ठेवा. बायका यायलेत.