शब्दचर्चा : ‘एकहाती’ सफर, ‘रीफ’, ‘लाइफलाइन’

प्रश्न : किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने करायच्या सफरीसाठी लहान यॉट कशी तयार करावी, यावर मराठीत टिपण लिहितो आहे. काही शब्दांपाशी अडलो आहे. ‘सोलो’ला ‘एकहाती’ चालेल का? ‘लाइफलाइन’, ‘शीट’, ‘रीफ’ यांना काय म्हणावे? भरतीच्या तक्त्यातले ‘स्प्रिंग’ आणि ‘नीप’ तसेच ठेवावेत का?

प्रतिसाद : शेवटच्या जोडीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मराठी शब्द तयारच आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ती उधाण, अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांग. हे शब्द सोडू नका. पण एक खुलासा जरूर करा. रोजच्या बोलण्यात ‘उधाण’ म्हणजे पाणी चढणे एवढाच अर्थ उरला आहे. प्रत्यक्षात त्या दिवसांत ओहोटीही जास्त खाली जाते आणि प्रवाहही जोराचा असतो. भरतीचे भरपूर पाणी पाहून नांगर टाकला, तर सहाएक तासांनी यॉट तळाला टेकू शकते. म्हणून टिपणात ‘उधाणाची भरती’ आणि ‘उधाणाची ओहोटी’ असे दोन्ही स्पष्ट लिहा. नांगराचा दोर किती सोडायचा ते भरतीच्या पाण्यावरून ठरते, कीलखाली, म्हणजे यॉटच्या तळाच्या कण्याखाली, किती पाणी उरेल ते ओहोटीच्या.

‘रीफ’ वाचून बहुतेकांना पाण्यातला खडक आठवेल. मी ‘शीड आखडणे’ म्हणेन. ‘शीड उतरवणे’ म्हणजे ते पूर्ण खाली घेणे; आखडणे म्हणजे काही भाग गुंडाळून किंवा बांधून क्षेत्रफळ कमी करणे. एकट्या माणसाने वारा वाढण्याआधीच शीड आखडायला हवे, त्यामुळे या दोन क्रियांची गल्लत होता कामा नये.

‘शीट’ तसेच ठेवा. शिडाचा वाऱ्याशी कोन धरणारा दोर तो शीट, शीड वर चढवणारा दोर तो हॅलियार्ड, एवढे एकदा सांगितले की पुरे. दोन्ही सुकाणूपर्यंत मागे आणलेले असले तर एकट्याला सारखे डोलकाठीपाशी जावे लागत नाही.

‘लाइफलाइन’चे ‘जीवनरेखा’ मात्र कृपा करून करू नका. यॉटवर लाइफलाइन म्हणजे डेकच्या कडेने खांबांवर ताणलेली कठड्याची तार. ‘जीवनरेखा’ वाचून कोणी अंगावरच्या सुरक्षापट्ट्याचा हुक तिलाच अडकवेल, आणि ती तार त्यासाठी नसते. हुक अडकवायची ती जॅकलाइन : नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत डेकवर ताणलेली मजबूत पट्टी. ती चपटी असावी, पायाखाली गोल दोर घरंगळतो. सुरक्षापट्ट्याचा दोर इतका आखूड हवा की माणूस कठड्याबाहेर जाऊच नये. ऑटोपायलट चालू असताना माणूस पडला, तर यॉट त्याच्यासाठी थांबत नाही. तेव्हा एकीला ‘कठड्याची तार’ म्हणा आणि दुसरीला ‘जॅकलाइन’च राहू द्या.

दुसरा प्रतिसाद : ‘एकहाती’ मला खटकतो. एकहाती सत्ता, एकहाती विजय, असा त्याचा वर्चस्वाचा सूर आहे. इथे तर एक हात बोटीसाठी आणि एक स्वतःला धरायला, ही खलाशांची जुनी शिकवण लागू पडते. साधे ‘एकट्याने’ लिहा. जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांची बोट ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेवले तरी दिशा धरून चाले, म्हणून त्यांना खुल्या समुद्रात झोप घेता येई. किनाऱ्याजवळ ती सोय नाही : खडक, मासेमारीची जाळी, येणारी-जाणारी जहाजे. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत लक्ष ठेवायला सांगतो. त्यासाठी ‘टेहळणी’ बरा. ‘पहारा’ म्हटले की चोराची राखण वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मथळ्यात ‘यॉट तयार करताना’ लिहिले आहे, ते बदलावे का?

प्रतिसाद : हो. ‘तयार करणे’ म्हणजे बांधणे असाही अर्थ होतो. ‘यॉट सज्ज करताना’ लिहा.