कॅमेऱ्यावर टचस्क्रीन हवी की बटणे आणि डायल?

प्रश्न

गेली दहा वर्षे मी एकच डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरत आले आहे. त्याला तर्जनीखाली एक आणि अंगठ्याखाली एक असे दोन डायल आहेत, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आणि फोकस यांची स्वतंत्र बटणे आहेत, आणि मागचा पडदा केवळ काढलेले फोटो पाहण्यापुरता आहे. आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा घ्यायचे ठरवले असून निवड दोन कॅमेऱ्यांवर येऊन थांबली आहे. दोघांतला सेन्सर सारखाच असल्यामुळे चित्राच्या दर्जाचा प्रश्न उरत नाही. एकाला मोजकीच बटणे आणि एकच डायल असून बाकीचे सारे टचस्क्रीनवरून करावे लागते. दुसऱ्यावर शटर स्पीड, आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला फोटोचा उजेड कमी-जास्त करणे) यांचे आकडे कोरलेले डायल आहेत, मात्र तो जड आहे.

माझे निम्मे फोटो पक्ष्यांचे असतात आणि उरलेले ट्रायपॉडवरून काढलेले फुलांचे व कीटकांचे. मी चष्मा लावते आणि व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून पाहायच्या खिडकीला) डावा डोळा लावते. फोनमुळे टचस्क्रीन सर्वांच्याच अंगवळणी पडली आहे. मग कॅमेऱ्यावर ती गैरसोयीची का वाटावी? की हा केवळ हाताला पडलेल्या वळणाचा हट्ट आहे? दोन्ही प्रकार ज्यांनी बराच काळ वापरले आहेत, त्यांनी नेमके कुठे अडते ते सांगावे.

प्रतिसाद १

हट्ट नाही. फोनवर फोटो काढताना आपली नजर पडद्यावरच असते, त्यामुळे बोट कुठे टेकवायचे ते दिसत असते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पडदा गालाआड जातो आणि उरतो तो फक्त स्पर्श. सपाट काचेवर बोटाला कसलाच उंचवटा लागत नाही आणि आपण योग्य जागी आहोत की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. बटण आणि डायल मात्र न पाहता सापडतात.

पक्ष्यांचेच उदाहरण घ्या. झाडाच्या गर्द पार्श्वभूमीवर बसलेला पक्षी उडून उजळ आकाशासमोर आला, की कॅमेऱ्याचे प्रकाशमापन आकाशाच्या उजेडाला फसते आणि पक्षी काळपट येतो. अशा वेळी एक्स्पोजर एक-दीड स्टॉपने वाढवावे लागते (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे). बहुतेक कॅमेऱ्यांवर डायलचा एक खटका म्हणजे एक तृतीयांश स्टॉप असतो, म्हणजे तीन खटके मोजले की एक स्टॉप झाला, आणि हे डोळा न हलवता होते. हेच टचस्क्रीनवर करायचे तर डोळा काढा, चिन्ह शोधा, पट्टी सरकवा आणि पुन्हा डोळा लावून पक्षी शोधा. तोवर तो निघून गेलेला असतो. शिवाय लांब लेन्सचे वजन डाव्या हातावर असते. पडद्याला बोट लावायचे म्हणजे उजव्या हाताची पकड सैल करायची, आणि कॅमेरा हलतो तो नेमका तेव्हाच.

तुमच्या डाव्या डोळ्याचा मुद्दा तर अधिकच महत्त्वाचा आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असतानाही पडद्यावर अंगठा फिरवून फोकस पॉइंट (चित्रात फोकस जिथे धरायचा ती जागा) सरकवण्याची सोय अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत असते आणि ती चांगली आहे. परंतु व्ह्यूफाइंडर कॅमेऱ्याच्या मध्यावर असेल, तर डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक पडद्याच्या उजव्या भागावर टेकते, म्हणजे जिथे अंगठा फिरायचा तिथेच. उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक डावीकडे जात असल्याने त्याला हा त्रास फारसा होत नाही. मीही डाव्या डोळ्यानेच पाहतो. नाकाने कांदे सोलणारे लोक पुष्कळ पाहिले होते, पण नाकाने फोकस हलवणारा मी स्वतःच निघालो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद पक्ष्यांच्या बाबतीत पूर्णपणे मान्य आहे. तथापि धागाकर्तीचे निम्मे काम ट्रायपॉडवरचे आहे, हे त्यात निसटले आहे. कॅमेरा जमिनीलगत लावलेला आहे, पडदा वर वळवला आहे आणि फुलपाखराच्या डोळ्यावर फोकस हवा आहे, अशा स्थितीत जॉयस्टिकने (अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने) फोकसची चौकट एकेक पाऊल सरकवत नेण्यापेक्षा डोळ्यावर थेट बोट टेकवणे कितीतरी सरळ आहे. चित्रातली जागा दाखवायची असेल तर बोटाइतके नेमके साधन दुसरे नाही. फोटो मोठा करून तपासणे, मेनूतून फिरणे, वाय-फायचा पासवर्ड भरणे ही कामे चार दिशांच्या बटणाने करून पाहिलेल्या माणसाला टचस्क्रीनची बाजू वेगळी पटवून द्यावी लागत नाही. व्हिडिओ करत असाल तर आणखी एक लाभ आहे: डायलचा खटका कॅमेऱ्यातला मायक्रोफोन टिपतो, बोटाचा स्पर्श सहसा टिपत नाही.

तोटेही सांगतो. आजचे पडदे दाबावर चालत नाहीत. बोट टेकले की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात जो बदल होतो, तो ते ओळखतात. म्हणून जाड हातमोजा घातला की ते ऐकत नाहीत, आणि पावसाचे थेंब पडले की कोणी बोट लावल्यासारखे आपणहून चालू लागतात. बटणाला यातले काहीच बाधत नाही.

टचस्क्रीन म्हणजे नवशिक्यांचे खेळणे, ही समजूत मात्र सोडायला हवी. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ती प्रथम 2010 साली पॅनासॉनिकच्या जी2 वर आली आणि डीएसएलआरमध्ये 2012 साली कॅननच्या 650डी वर. हे दोन्ही कॅमेरे हौशी लोकांसाठीचे होते, त्यामुळे तो शिक्का बसला. पुढे 2016 साली क्रीडा छायाचित्रकारांसाठीच्या कॅननच्या 1डी एक्स मार्क 2 वरही ती आली, भले तिथे तिचे काम लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढणे) आणि व्हिडिओमध्ये फोकसची जागा निवडण्यापुरतेच ठेवले होते.

प्रतिसाद ३

या चर्चेत 'डायल' हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरला जात आहे आणि धागाकर्तीची निवड नेमकी त्या दोहोंमध्ये अडकलेली आहे. तुमच्या जुन्या डीएसएलआरवरचे डायल बिनआकड्यांचे आहेत. तेच चक्र कधी शटर स्पीड बदलते, तर कधी ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र). आकडे कोरलेला डायल एकच काम करतो आणि कॅमेरा बंद असतानाही काय लावून ठेवले आहे ते दाखवतो. 1986 साली कॅननच्या टी90 ने शटर स्पीडच्या कोरीव डायलऐवजी शटरच्या बटणामागे एक बिनआकड्यांचे चक्र दिले आणि आकडे एलसीडीवर नेले. आपण आज ज्याला पारंपरिक नियंत्रण म्हणतो, ते एके काळी असे नवे होते.

कोरलेल्या आकड्यांचे आकर्षण मलाही आहे, परंतु त्यांची मर्यादा ध्यानात घ्यावी. शटर स्पीडच्या डायलवर साधारणपणे पूर्ण स्टॉपचेच आकडे मावतात. मधल्या पायऱ्यांसाठी दुसऱ्या चक्राकडेच जावे लागते. निकॉनच्या झेडएफवर तर त्यासाठी डायलवर '1/3 स्टेप' अशी स्वतंत्र खूणच कोरली आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे पक्ष्यांसाठी एक आणि फुलांसाठी एक असे सेटिंगचे दोन संच साठवून एका खटक्यात बदलण्याची सोय. डायल 1/125 वर आणि साठवलेला संच 1/2000 मागतो आहे, तेव्हा दोघांपैकी एकाला खोटे ठरावेच लागते. बिनआकड्यांच्या चक्रावर हा पेच उद्भवत नाही. तुमच्यासारखे काम असेल तर मी कोरीव डायलपेक्षा दोन साधी चक्रे आणि एक जॉयस्टिक असलेला तिसरा कॅमेरा शोधला असता.

जाता जाता, मधला मार्गही आजमावून झाला आहे. 2018 च्या कॅनन ईओएस आर वर व्ह्यूफाइंडरशेजारी अंगठ्यासाठी एक स्पर्शपट्टी होती, जिच्यावर बोट सरकवून आयएसओ वगैरे बदलता येत असे. नकळत अंगठा लागून भलतेच काही बदलत असल्याची तक्रार झाली. 2020 च्या आर5 आणि आर6 वर ती पट्टी नाही. तिथे जॉयस्टिक आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून दोन्ही कॅमेरे पुन्हा हाताळून पाहिले, या वेळी डोळे मिटून. टचस्क्रीनवाल्यावर नाकाचा अनुभव पहिल्या मिनिटातच आला. व्ह्यूफाइंडरला डोळा असताना स्पर्श बंद ठेवण्याची सोय मेनूत सापडली, परंतु ती वापरल्यावर हाताशी एकच डायल उरतो, आणि शटर स्पीडवरून कॉम्पेन्सेशनवर जायला दरवेळी एक बटण दाबावे लागते. तो कॅमेरा आता यादीतून गेला.

माझी एक चूकही लक्षात आली. कोरीव डायलच्या कॅमेऱ्याला टचस्क्रीन नसेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती आहे आणि पडदा वरही वळतो. साठवलेल्या संचांचा मुद्दा मात्र खरा ठरला, त्यामुळे दोन चक्रांचा तिसरा कॅमेराही पाहणार आहे. तोवर एक शंका: कॉम्पेन्सेशनचा डायल बाहेरच्या कडेला असल्याने पिशवीतून काढताना तो आपोआप फिरतो का? त्याला कुलूप दिसले नाही.

प्रतिसाद १ कडून उत्तर

फिरतो, आणि बराच वेळ लक्षातही येत नाही. त्या डायलवर शेवटी 'सी' अशी खूण आहे का पाहा. असल्यास डायल कायम तिथेच ठेवा. मग कॉम्पेन्सेशन पुढच्या बिनआकड्यांच्या चक्राने बदलता येते. काही कॅमेऱ्यांवर तर कोरलेल्या आकड्यांची मर्यादा दोन्ही बाजूंना 3 स्टॉपची असते आणि 'सी' वर ती 5 पर्यंत जाते.